भूकंपाआधीची पार्टी

आमच्याकडे होम थिएटर आहे म्हटलं की येणाऱ्या प्रत्येकाची एकच फर्माईश असते: तो सीन लाव. कुठला, ते वेगळं सांगावं लागत नाही. ज्यात जमीन हादरते, काचा खळाखळा फुटतात आणि सोफ्याखालून काहीतरी अवजड सरकत गेल्यासारखं वाटतं, तो. मी १९७४ चा 'अर्थक्वेक' लावते, पण सुरुवातीपासून. ही माझी अट आहे आणि ती मी कुणासाठीही मोडत नाही.

या अटीवर सगळ्यांत जास्त चिडतो तो माझा भाचा. "मावशी, इथे नुसती नवरा-बायकोची भांडणं आहेत. पुढे घे ना." भांडणं आहेत, हे खरंच. सिनेमा सुरू झाल्या झाल्या चार्लटन हेस्टन आणि अ‍ॅव्हा गार्डनर एकमेकांवर खेकसायला लागतात. तिच्या वडिलांचं काम करणारा लॉर्न ग्रीन प्रत्यक्षात तिच्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठा होता, हे एकदा कळलं की बाप-लेकीचे प्रसंग गंभीरपणे बघणंही अवघड होऊन बसतं. तरीही पुढे घ्यायचं नाही. का, ते सांगायला म्हणून हे लिहितेय, कारण तोंडी सांगायला गेलं की तो हेडफोन लावतो.

आधी त्या सिनेमाच्या आवाजाविषयी. युनिव्हर्सल स्टुडिओने 'अर्थक्वेक'साठी सेन्सराउंड नावाची यंत्रणा काढली होती. भूकंपाचा तो खर्जातला गडगडाट फिल्मवर मुद्रित केलेलाच नव्हता. फिल्मच्या कडेला आवाजाची जी पट्टी, म्हणजे ऑप्टिकल ट्रॅक, छापलेला असायचा, त्यात इतका खोल आवाज एवढ्या जोरात मावणं शक्य नव्हतं. मग त्यांनी थिएटरातच गडगडाट तयार करणारी एक पेटी ठेवली. फिल्मवर होते फक्त इशाऱ्याचे सूर. ते आले की पेटी जागी व्हायची, आणि पडद्यापाशी व मागच्या बाजूला मांडलेल्या सर्विन-व्हेगाच्या अवाढव्य हॉर्न स्पीकरांमधून गुरगुर बाहेर पडायची. माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण २० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस कंपनं, धरतात. ही यंत्रणा त्याच्याही थोडी खाली जायची, म्हणजे आवाजाचा काही भाग ऐकूच येत नसे, तो थेट बरगड्यांना जाणवे. पातळी ११० डेसिबलच्या वर. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये तर छताचे पोपडे लोकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून वर जाळी बांधली होती. जाहिरात म्हणून यापेक्षा चांगलं काय सुचणार! शेजारच्या पडद्यावर दुसरा सिनेमा चालू असेल तर तिथल्या प्रेक्षकांना भूकंप फुकट.

या आवाजासाठी 'अर्थक्वेक'ला ऑस्कर मिळालं. हरलेल्यांत त्या वर्षी 'द कॉन्व्हर्सेशन' होता. अख्खा सिनेमा ऐकण्याबद्दलचा, आणि हरला कुणाला, तर गडगडाटाच्या पेटीला. मला दोन्ही सिनेमे आवडतात, पण याचा राग मला अजून येतो.

सेन्सराउंड पुढे 'मिडवे', 'रोलरकोस्टर' अशा मोजक्या सिनेमांत वापरलं गेलं आणि दशक संपता संपता बंद पडलं. प्रत्येक थिएटरमध्ये ते धूड उचलून न्या, खुर्च्या काढून जागा करा, शेजारच्यांच्या तक्रारी ऐका, हे कोण किती दिवस करणार? घरी मात्र आता ते सहज ऐकता येतं. 'अर्थक्वेक'च्या काही डिस्क आवृत्त्यांमध्ये त्या मूळ पद्धतीचा ट्रॅक वेगळा दिलेला आहे. मेनूमध्ये नव्याने केलेलं ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर) सुद्धा असतं, आणि भाच्याचा हात आपोआप त्याच्याकडे जातो, कारण आकडा मोठा. मी जुना ट्रॅक लावते.

त्या जुन्या ट्रॅकमध्ये सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून, जरा कोरड्या, पातळ आवाजात येतात. मागचे स्पीकर मुके. सुरुवातीचे लहानसे हादरे सोडले तर सबवूफरला बराच वेळ कामच नाही. ज्याने स्पीकरांवर पैसे घातलेत त्याला हे अपमानास्पद वाटतं. पण त्या वेळात कान त्या पातळ आवाजाला सरावतात. खोलीला खालचा मजला आहे हेच आपण विसरतो. आणि मग तो मजला येतो. मोठा हादरा सुरू झाला की पडद्यावर जे चाललंय त्यात खोटेपणा पुष्कळ आहे. लिफ्टमधल्या माणसांवर उडणारं रक्त तर चक्क कार्टूनसारखं रंगवलेलं दिसतं. पण तोवर डोळ्यांचं मत कुणी विचारत नसतं.

भाच्याने एकदा मी घरात नसताना थेट तोच सीन लावून पाहिला आणि मला मेसेज पाठवला: "ठीक आहे. गेममध्ये याहून भारी असतो." बरोबरच आहे. त्याने शेवटचा आकडा पाहिला, बेरीज पाहिली नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती कुठल्या माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. बहुतेक सबवूफरना ऑटो स्टँडबाय असतं. बराच वेळ सिग्नल आला नाही की तो झोपतो, आणि सिग्नल आल्यावर जागं व्हायला क्षणभर घेतो. आजच्या सिनेमात हे कळतच नाही, कारण त्यात बेस सतत चालूच असतो. जुन्या सिनेमात मात्र पहिला बारीक हादरा, जो मुद्दाम बारीक ठेवलाय, तो नेमका या जांभईत निघून जातो. मागच्या बाजूला एक लहान खटका असतो, तो ऑटोवरून कायम चालूवर टाकायचा. नाइट मोड नावाचं जे काही रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात, असतं तेही बंद करायचं. ते लहान आवाज मोठे करतं आणि मोठे लहान. आपत्तीपटांना नाइट मोड लावणं म्हणजे तिखट-मीठ काढून रस्सा वाढण्यासारखं आहे.

खोलीबद्दलही थोडं. आमची खोली १५ फूट लांब आणि ११ फूट रुंद. १५ फुटांच्या खोलीत साधारण ३७-३८ हर्ट्झला ध्वनिलहर दोन भिंतींमध्ये अडकते आणि जागच्या जागी उभी राहते. भिंतीजवळ तो आवाज छाती भरून येतो आणि खोलीच्या बरोब्बर मधोमध जवळजवळ गायब होतो. सोफा आधी मधोमधच होता, कारण तिथे तो शोभतो. म्हणजे भूकंपातला एक अख्खा सूर आमच्या वाट्याला येतच नव्हता आणि तो सगळा मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला मिळत होता. सोफा मागे सरकवला. मग सबवूफरची जागा ठरवायची होती. त्याची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा, बेसचं काहीतरी लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत रांगत खोलीभर फिरायचं. जिथे आवाज सगळ्यांत सरळ, न घुमता येतो, तिथे सबवूफर ठेवायचा. मी अशी रांगत असताना नवरा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय हरवलं?" ३८ हर्ट्झ हरवलाय, असं उत्तर दिल्यावर तो चहा करायला निघून गेला.

शोकेसची काच हा पुढचा शत्रू. ती एका विशिष्ट सुराला चरचरते. पहिल्यांदा वाटलं, वा, सिनेमात काय बारकाईने आवाज टाकलाय, तावदानं कशी थरथरतायत! दुसऱ्या सिनेमात, समुद्राच्या मधोमध, तीच तावदानं थरथरली तेव्हा उठून बघितलं. काचेला फेल्टच्या पट्ट्या लावल्या आणि आतल्या कपबश्या एकमेकींपासून दूर मांडल्या.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. २० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ मीटर असते. तिला आमचा स्लॅब म्हणजे काहीच नाही. पडदे, गालिचे, भिंतीवरचे फोमचे चौकोन यांचा वरच्या सुरांना उपयोग होतो, या राक्षसाला नाही. त्यामुळे मी सिनेमा लावण्याआधी काकूंना फोन करते. हल्ली त्या फोन उचलल्या उचलल्या विचारतात, "आज काय, आग की पाणी?" आग असेल तर त्यांची हरकत नसते. पाणी असेल तर त्या वेळ विचारून घेतात. भूकंप असेल तर त्या बहिणीकडे जाऊन येतात.

काकूंचं हे वर्गीकरण कुठल्याही समीक्षकापेक्षा अचूक आहे. आगीला खर्ज नसतो. 'द टॉवरिंग इन्फर्नो' घ्या. तोही १९७४ चाच. एकाच विषयावरच्या दोन कादंबऱ्यांचे हक्क दोन स्टुडिओंनी घेतले होते. दोघांनी एकमेकांशी टक्कर घेण्यापेक्षा मिळून एकच सिनेमा काढला. स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन यांच्यात पहिलं नाव कुणाचं यावरून तिढा पडला, तेव्हा एकाचं नाव डावीकडे पण खाली आणि दुसऱ्याचं उजवीकडे पण वर, असा तोडगा काढला. श्रेयनामावलीत तो अजून तसाच दिसतो. १३८ मजली इमारत, ८१व्या मजल्यावरच्या एका साठवणीच्या खोलीत वायरिंग पेट घेतं, आणि १३५व्या मजल्यावर उद्घाटनाची पार्टी चालू असते.

ही पार्टी नीट ऐका. ग्लास, हसणं, वाद्यवृंद, कपड्यांची सळसळ. खाली आग पसरतेय आणि वर तिचा आवाज जराही पोचत नाही. आवाज न पोचणं हीच तर सगळी भीती आहे. सिनेमा दोघांच्या मध्ये ये-जा करतो आणि दर वेळी पार्टीत परत आलं की ती मगाचपेक्षा बेशरम वाटते. सबवूफरला इथे फारसं काम नाही, सगळं काम मधल्या स्पीकरचं आणि वरच्या सुरांचं आहे. दार उघडल्यावर कोंडलेली आग जेव्हा हवा ओढते तेव्हा एक श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. मला तो स्फोटापेक्षा जास्त लागतो. शेवटी गच्चीजवळच्या पाण्याच्या टाक्या उडवतात, माणसं स्वतःला खांबांना बांधून घेतात आणि वरून दहा लाख गॅलन पाणी कोसळतं. तिथे आगीच्या सिनेमात पाणी येतं, आणि काकूंचा विश्वासघात होतो. पण तोवर अडीच तास उलटून गेलेले असतात आणि त्या गाढ झोपलेल्या असतात.

'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर' त्याच्या आधीचा, १९७२ चा. निर्माता तोच, आयर्विन अ‍ॅलन. संगीतही त्याच माणसाचं, जॉन विल्यम्सचं. या तिन्ही सिनेमांना संगीत त्याने दिलं, आणि मग १९७५ मध्ये त्याने 'जॉज'मधल्या शार्कला दोन सुरांत अमर केलं. पोसायडन हे प्रवासी जहाज, आणि त्यावरची पार्टी नववर्षाची आहे. बारा वाजतात, लोक गळ्यात गळे घालून गातात, आणि त्याच वेळी वर जहाज चालवतात त्या कक्षात कप्तानाला राक्षसी लाट दिसलेली असते. एकदा वर, एकदा खाली. वरचे लोक शांत आवाजात बोलतायत, खालचे ओरडून गातायत. मग जहाज कलायला लागतं.

माझ्या मते या प्रकारातली ही सगळ्यांत उत्तम काही मिनिटं आहेत, आणि त्यात लाटेचा आवाज सगळ्यांत कमी महत्त्वाचा. ऐकायचं ते काचसामान. आधी एक ग्लास, मग एक टेबल, मग सगळं. भोजनगृहाचा सेट एका बाजूने उचलता येईल असा बांधला होता, त्यामुळे माणसं खरोखर घसरतात, आणि त्यांचं घसरणं ऐकू येतं. बूट, नखं, खुर्च्यांचे पाय. जहाज पूर्ण उलटतं, एक माणूस वरून, म्हणजे मूळच्या जमिनीवरून, खाली छतातल्या काचेच्या दिव्यांवर कोसळतो. त्यानंतर पुढे सिनेमाभर जहाज कण्हत राहतं. मधूनच आत खोलवर बॉयलर फुटतात. इथे मात्र सबवूफर पाहिजेच, पण अगदी कमी, कारण धातूचं कण्हणं हे धमाक्यापेक्षा हळू आणि लांब असतं. सबवूफरचं बटण उगाच वर नेलं की ते कण्हणं ट्रक गेल्यासारखं ऐकू येतं. मी पोसायडनसाठी सबवूफर नेहमीपेक्षा थोडा खाली घेते. भाच्याला वाटतं मी काकूंना घाबरते.

या तिन्ही सिनेमांकडे एका रांगेत बघितलं की ही पार्टीची युक्ती त्यांची नव्हेच हे लक्षात येतं. १९३६ चा 'सॅन फ्रान्सिस्को' बघा. क्लार्क गेबल, जॅनेट मॅकडोनाल्ड, स्पेन्सर ट्रेसी. खरा भूकंप १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी झाला होता. सिनेमात रात्रभर एक नाचगाण्याची स्पर्धा चालू आहे. मॅकडोनाल्ड मंचावर जाऊन गाणं म्हणते, लोक वेडे होतात, टाळ्या, आरडाओरडा, बक्षीस, भांडण. आणि मग हादरा. एका बारक्या मोनो, म्हणजे एकपदरी, ट्रॅकवर. त्या काळच्या मोनोत साधारण ८ हजार हर्ट्झच्या वरचे सूर मुद्दाम कापलेले असायचे, नाहीतर फिल्मची खरखर ऐकू आली असती. आणि खालीही आजच्या मानाने फार काही नसायचं. तरी हा भूकंप चालतो. विटा निखळतात, पुतळा पडतो, गाडीचं चाक एकटंच फिरत राहतं. त्या सिनेमाला मिळालेलं एकमेव ऑस्कर ध्वनिमुद्रणाचं होतं. तेव्हाच्या मंडळींना ठाऊक होतं की मोठा आवाज करायला आपल्याकडे जागा नाही, म्हणून आधी गाण्याने जागा भरून टाका, मग ती एकदम रिकामी करा.

(गंमत म्हणजे खऱ्या भूकंपात क्रम जवळजवळ असाच असतो. आधी वेगवान पी लहरी येतात, त्यांची घरघर कधी कधी ऐकूही येते. जोरात हलवणाऱ्या एस लहरी मागून पोचतात. निसर्गही थेट सीनवर येत नाही.)

आपल्याकडेही तेच. 'वक्त', १९६५. बलराज साहनी बायकोला उद्देशून कव्वाली म्हणतो, घर भरलेलं, माणूस यशाच्या तोऱ्यात, आणि त्याच रात्री भूकंप सगळं कुटुंब उधळून लावतो. तो भूकंप ऐकायला काही खास नाही. मॉडेल मोडलेली दिसतात. पण कव्वालीच्या टाळ्या कानात असताना तो येतो, आणि ते पुरतं. 'द बर्निंग ट्रेन' (१९८०) मध्येही जळत्या गाडीआधी भरपूर गाणंबजावणं आहे, धर्मेंद्रपासून नीतू सिंगपर्यंत सगळे आहेत, आणि मला तो सिनेमा लांब वाटत असला तरी रुळांचा ठेका हा त्याचा खरा पार्श्वसंगीतकार आहे. चाकांचा तो खटखटाट एका लयीत चालू असतो, आणि ब्रेकच काढलेले असल्यामुळे ती लय मंदावणार नाही हे आपल्याला कळलेलं असतं. चासनालाच्या १९७५ च्या खाण दुर्घटनेवरून स्फुरलेला 'काला पत्थर' मात्र मी होम थिएटरवर मजा म्हणून लावत नाही. तिथे पाणी येतं ते अंधारात आणि खऱ्या माणसांवर आलेलं होतं.

खरं घडलेल्यांपैकी एक मी लावते तो 'अ नाइट टु रिमेम्बर', १९५८ चा, काळा-पांढरा, टायटॅनिकवरचा. त्यात जहाज अखंड बुडतं, कारण ते दुभंगलं होतं हे १९८५ मध्ये अवशेष सापडल्यावर पक्कं झालं. आवाजाच्या दृष्टीने त्यातला सगळ्यांत भयानक क्षण टकरीचा नाही. टक्कर अगदीच साधी आहे. त्यानंतर इंजिनं थांबतात, तो. जहाजावरच्या लोकांना सतत एक घरघर अंगाखाली असण्याची सवय झालेली असते आणि ती नाहीशी झाल्यावर ते दार उघडून बाहेर बघतात. प्रत्यक्षातही कित्येक प्रवाशांना जाग आली ती धक्क्याने नव्हे, इंजिन थांबल्याने. हा प्रसंग मोबाइलवर किंवा टीव्हीच्या मागच्या दोन चपट्या स्पीकरांवर बघून उपयोग नाही. घरघर आधी मिळालीच नसेल तर ती गेलेली कशी कळणार? कमी आवाजात बघूनही उपयोग नाही, कारण आवाज कमी केला की आपल्या कानांना खर्ज सगळ्यांत आधी दिसेनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ मध्येच आलेख काढून दाखवलंय. म्हणून मी म्हणते, मोठा आवाज शांततेसाठी लागतो. लोकांना हे वाक्य उलटं वाटतं.

भाच्याचा आवडता मात्र 'ट्विस्टर' आहे, १९९६ चा, आणि तो जन्मला त्याच्या किती आधीचा! त्याच्या दृष्टीने तोही क्लासिक. वादळाच्या आवाजात उंटाचं कण्हणं संथ करून मिसळलंय हे त्याला माहीत आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते ऐकवतो. सबवूफरची परीक्षा घ्यायला वर्षानुवर्षं लोक हाच सिनेमा लावत आलेत, आणि मीही नवा सबवूफर आणला तेव्हा आधी तोच लावला. मागून डोक्यावरून वादळ जातं तेव्हा मान आपोआप खाली होते. पण त्यातली वादळं एकामागून एक येत राहतात आणि चौथ्या वादळाला माझी मान वरच राहते. मी सबवूफर तीन डेसिबलने खाली घेते. तो चार डेसिबलने वर घेतो. रिमोट कुणाकडे यावर सिनेमाचा शेवट ठरतो.

सध्या आमची बोलणी फिस्कटलीयेत ती पुढच्या सिनेमावरून. मला १९६८ चा 'क्राकाटोआ, ईस्ट ऑफ जावा' लावायचा आहे. क्राकाटोआ जावाच्या पश्चिमेला आहे. नावातच अशी चूक असलेला सिनेमा बघायला भाचा आनंदाने तयार झाला, पण पहिला अर्धा भाग पुढे घ्यायच्या अटीवर. मी त्याला खऱ्या उद्रेकाची गोष्ट सांगितली. २७ ऑगस्ट १८८३. तो आवाज हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटरवर ऐकू गेला, तिथल्यांना वाटलं दूर कुठे तोफा उडतायत. हवेच्या दाबाची लाट पृथ्वीभोवती अनेक वेळा फिरली आणि जगभरच्या वायुदाबमापकांवर दर वेळी तिची खूण उमटली. त्यावर त्याने विचारलं, "आपला सब तेवढा जाईल?" नाही म्हटलं, पण तो सिनेमा सुरुवातीपासून बघायला तयार झालाय. या सिनेमात ज्वालामुखी आहे, स्फोट आहेत आणि शेवटी समुद्राची प्रचंड लाट. म्हणजे आग, पाणी आणि हादरे, तिन्ही एकदम. काकूंना अजून सांगितलेलं नाही.